इंजेक्शन घेतलं की मुलग्याची मुलगी होते काय गे, आई?

सुरंगी | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

मंडळी, प्रश्न शीर्षकातच आहे. विचारणारा माझा मुलगा, वय वर्षं आठ. आम्ही फोंड्याजवळ राहतो. वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या हातांना रद्दी चिकटवायचं काम यंदा बारक्यांकडे आहे. काल तिन्हीसांजेला हा कोपरापर्यंत खळ माखून घरात आला आणि हात धुता धुता हे विचारलं. माझी फोडणी तडतडत होती. "कोणी सांगितलं रे तुला?" तर म्हणे, "कार्टूनात असतं."

झालंय असं की, सप्टेंबरात नणंद लंडनहून आली होती. तिची मुलगी अकरा वर्षांची. दोघं भावंडं पडवीत बसून टॅबवर 'डेड एंड: पॅरानॉर्मल पार्क' बघायची. भुताखेतांनी भरलेली एक जत्रेसारखी बाग, बोलणारा कुत्रा, असं काहीतरी. त्यातला बार्नी नावाचा मुलगा ट्रान्स आहे, म्हणजे जन्मल्यावर लोकांनी त्याला मुलगी धरलं होतं, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. ते कळलं या महिन्याच्या सुरुवातीला, इलॉन मस्कने याच मालिकेवरून लोकांना नेटफ्लिक्स बंद करायला सांगितलं तेव्हा. मालिका २०२२ ची. दोन सीझन होऊन कधीची बंद पडली आहे, तरी यांना आत्ता जाग आली.

मी स्वतःला बऱ्यापैकी मोकळ्या विचारांची समजते. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं ते "आधी जेव". नवरा म्हणतो टॅब काढून घे. सासरे म्हणतात नेटफ्लिक्सच बंद कर (पैसे ते भरत नाहीत). तर विचारायचं हे की, मुलांच्या कार्यक्रमात हा विषय असावा का? आणि असलाच तर औषधोपचारांबद्दल त्यात कितपत बोलावं? तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

नुस्तेंप्रेमी | १२ ऑक्टोबर, रात्री १०.५२

"आधी जेव" हे गोव्यात सगळ्याच प्रश्नांचं अधिकृत उत्तर आहे. भाजी कसली होती?

सुरंगी | रात्री १०.५५

तेंडली. शनिवार होता, नुस्तें (मासे) नव्हतं.

काणकोणकर | १२ ऑक्टोबर, रात्री ११.३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी अकरा वर्षं ब्रिटनमध्ये, स्विंडनला काढली. पोर्तुगीज पासपोर्ट, गोदामात रात्रपाळी, आपल्याकडे घरोघरी असते तीच गोष्ट. २०१४ साली माझी मुलगी दहा वर्षांची होती. तेव्हा बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर 'आय अ‍ॅम लिओ' नावाचा माहितीपट लागला. लिओ तेरा वर्षांचा, जन्माने मुलगी. आम्ही तिघांनी मिळून बघितला. मला तेव्हा वाईट काही दिसलं नाही. पोरगा गोड होता, आई खंबीर होती.

पुढे २०१६ मध्ये त्याच वाहिनीच्या संकेतस्थळावर 'जस्ट अ गर्ल' आली. त्यात अकरा वर्षांची ट्रान्स मुलगी, आणि वयात येणं थांबवणाऱ्या औषधांचा विषय. त्यावर तिथल्या वर्तमानपत्रांत बरीच आरडाओरड झाली. ओरडणारे तेव्हा मला मागासलेले वाटले होते. आणि मग २०२४ साली त्याच देशाने अठराच्या आतल्या मुलांना या कारणासाठी ती औषधं देणं थांबवलं.

माझा मुद्दा एवढाच. डॉक्टरांचं मत आठ-दहा वर्षांत बदलतं, बदलायलाच हवं. पण दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात जे एकदा छान गोष्ट म्हणून जाऊन बसलं, ते परत काढायला त्या वाहिनीवरून कोणी येतं काय? मोठ्यांनी आपसांत काय वाद घालायचे ते घालावेत. आठ वर्षांचं पोर ध्रुवबाळ आकाशात जाऊन बसला यावरही विश्वास ठेवतं.

घुमट | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

'डोरेमॉन'मध्ये एक दोरी असते. दोघांनी दोन टोकं धरली की शरीरं अदलाबदल. नोबिता शिझुका होतो, शिझुका नोबिता. आमची अख्खी पिढी शाळेतून येऊन, गणवेश न बदलता, चहात बुडवलेला उंडो खात हे बघत वाढली. कोणाच्या आजोबांनी फॉरवर्ड पाठवल्याचं स्मरत नाही.

मी अजूनही मुलगाच आहे. दोरी मिळाली नाही हेही कारण असेल.

नुस्तेंप्रेमी | सकाळी ७.२०

चहात पाव सगळेच बुडवतात, उंडो बुडवणारा पहिल्यांदा भेटला. तुझं काय ते आधी तपासून घे.

काणकोणकर | सकाळी ७.४८

घुमट, विनोद समजला. पण जपानी दोरीवर कोणी विश्वास ठेवत नाही. डॉक्टरच्या सुईवर ठेवतात. फरक तिथेच आहे.

मास्तर_सत्तरी | १३ ऑक्टोबर, दुपारी २.१०

मी वाळपईच्या पुढे एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो. वर्गात अकरा मुलं. नेटफ्लिक्स त्यातल्या एकाच्याही घरी नाही, पावसात तर वीजही नसते. तेव्हा बार्नीची भीती आमच्याकडे नाही. पण टीव्हीने शिकवलं नाही असं समजू नका.

दोन वर्षांमागची गोष्ट. तिसरीतला एक मुलगा गणेश चवथीच्या आधी मुलींबरोबर फुगडी घालायचा. सुरेख घालायचा, पावलाला पाऊल लागायचं. एक दिवस मधल्या सुट्टीत बाकीच्या पोरांनी त्याला एका विनोदी कार्यक्रमातल्या साडीवाल्या पुरुषपात्राचं नाव ठेवलं. तो कार्यक्रम घरोघरी रात्रीच्या जेवणाबरोबर चालतो. दाढीवाला माणूस नऊवारी नेसून, आवाज चिरका करून येतो आणि सगळे हसतात. पोरांनी हावभावही तेच केले, टाळीसकट. त्या दिवसापासून फुगडी बंद. आता तो पाचवीत गेलाय, दुसऱ्या शाळेत. परवा बसस्टॉपवर भेटला. दोन्ही हात खिशात घालून उभा होता. बोलत असतानाही काढले नाहीत.

म्हणजे मुलांच्या टीव्हीवर हा विषय असावा का, हा प्रश्नच मला थोडा उशिरा विचारल्यासारखा वाटतो. तो आहेच. फक्त थट्टेच्या वेशात आहे, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आणखी एक. २०२१ साली एनसीईआरटीने शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती, शाळेतल्या ट्रान्सजेंडर मुलांना कसं सामावून घ्यावं यावर. मला ती वाचायची होती. बालहक्क आयोगाने हरकत घेतली आणि ती संकेतस्थळावरून उतरवली गेली. त्यात वयात येणं लांबवणाऱ्या औषधांचाही उल्लेख होता, त्यावरून गदारोळ जास्त झाला. औषधांच्या त्या उल्लेखापायी वर्गात काय करावं हे सांगणारी बाकीची पानंही गेली. तेव्हा काणकोणकर, औषधांबद्दल तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण त्याची किंमत कोण देतं तेही बघा.

सुरंगी | दुपारी २.३५

मास्तर, खिशातले हात डोळ्यांपुढून हलत नाहीत.

भाटकार_नव्हे | १३ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे. आपल्याकडे असलं काही नव्हतं आणि नको.

जाईवाली | दुपारी ३.२०

भाटकार_नव्हे, तुम्ही म्हार्दोळला कधी गेला आहात काय? आमची म्हाळसा नारायणी म्हणजे मोहिनी, विष्णूचं स्त्रीरूप. देवीच्या अंगावर जानवं असतं, दर्शन घेताना नीट बघा. जायांच्या पूजेला मांडवभर फुलं ओवतो आम्ही, तेव्हा कोणाला खूळ वाटत नाही. आणि महाभारत? रविवारी सकाळी दूरदर्शनवर बृहन्नडेचा भाग लागला तेव्हा आमच्या घरी सोळा माणसं एका खोलीत बसून बघत होती. त्यातली दहा पोरं.

काणकोणकर | दुपारी ३.३१

देवाचं वेगळं हो. विष्णूला एंडोक्रायनॉलॉजिस्ट लागला नाही. :)

पेडण्याचो_भाचो | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४५

बृहन्नडेवरून आठवलं. थोडं अवांतर होईल, पण सोसा.

माझे मामा दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. दिवसा भातशेती, काल्याच्या रात्री द्रौपदी. आम्ही भाचरं देवळामागच्या खोलीत त्यांची तयारी बघायला जाऊन बसायचो. पेट्रोमॅक्सच्या उजेडात एक पेटारा, त्यावर टेकवलेला फुटका आरसा. मामा आधी घोटून दाढी करायचे, मग चेहऱ्याला रंग, भुवया काजळाने, गंगावन बांधायचे, आणि सगळ्यात शेवटी साडी. साडी नेसताना कोणाशी बोलायचे नाहीत. त्याआधी विडी ओढत चेष्टा करणारा माणूस निऱ्या खोचल्या की गप्प व्हायचा. उठून उभे राहिले की आम्ही मुलं आपोआप वाट द्यायचो. मामी एकदा म्हणाली होती, "ह्यांचें निऱ्यांचें वळण म्हाका येना."

कोणी कधी हसलं नाही. रडत मात्र होते, वस्त्रहरणाला. मास्तरांनी सांगितलेल्या टीव्हीवरच्या साडीत आणि मामांच्या साडीत फरक काय, यावर मी बराच विचार केला. एकात बाई व्हायचं असतं, दुसऱ्यात बाई होता येत नाही याची गंमत असते. मंगेशीचे मास्टर दीनानाथही आधी स्त्रीभूमिकाच करायचे. गोव्यातल्या प्रेक्षकाला हे शिकवावं लागत नव्हतं.

घुमट | संध्याकाळी ६.५८

दंडवत. धागा इथे संपला तरी चालेल.

आबोली_बार्देस | १३ ऑक्टोबर, रात्री ९.२०

धागा इथे संपलेला मला चालणार नाही, म्हणून इतकी वर्षं नुसती वाचणारी मी आज लिहिते आहे.

भाचो, लेख सुंदर आहे. पण तुमचे मामा पहाटे गंगावन उतरवून घरी जात होते. मी घरी जाऊन काय उतरवू? स्त्रीपार्टी नटाचं कौतुक आणि मोहिनीची पूजा ऐकत मोठी झाले मी. त्याच गावात माझ्यासारख्या मुलाला बेदम मार पडत होता, एकाच आठवड्यात दोन्ही. म्हणून "आपल्याकडे सगळं होतंच" हे ऐकलं की मला जरा धास्ती वाटते.

मी ट्रान्स बाई आहे, वय ३४. लहानपणी टीव्हीवर माझ्यासारखं कोण होतं? 'सडक' सिनेमातली महाराणी. सदाशिव अमरापूरकरांनी काम इतकं जबरदस्त केलं की सहावीपासून दहावीपर्यंत माझं नाव तेच पडलं. मुलांसाठी म्हणून जे लागायचं त्यात तर कोणीच नव्हतं. मला वाटायचं, हे जगात एकट्या मला झालंय आणि मोठी झाले की मीही कोणाला तरी पळवून नेणारी होणार. एखादा बार्नी, भुतांशी झुंजणारा, कुत्रा पाळणारा, बाकी अगदी सामान्य, असा दिसला असता तर काय झालं असतं? माझं शरीर बदललं नसतं. पण मी चोर नाही एवढं कळलं असतं.

आता औषधांचं. आमच्याकडे चवथीला घुमट आरती. मी वरच्या सुरात म्हणायची, लोक थांबून ऐकायचे. तेराव्या वर्षी आवाज फुटला. त्या चवथीला मी आरती म्हटली नाही, कासाळें वाजवलं. त्यानंतर आजतागायत म्हटलेली नाही. गळा मोठ्यांच्या हॉर्मोन्सनी परत येत नाही. माझी हॉर्मोन्स २६ व्या वर्षी सुरू झाली, स्वतःच्या पगारातून. तेव्हा बाराव्या वर्षी इंजेक्शन हवं होतं का असं विचाराल, तर हो, हवं होतं. मात्र माझ्याच ओळखीची एक मुलगी आहे. सोळाव्या वर्षी ती मुलगा आहे असं ठामपणे म्हणायची, आता बावीसची आहे आणि तसं म्हणत नाही. तिला ते इंजेक्शन नाही मिळालं हे बरं झालं. दोन्ही एकाच श्वासात सांगते आहे, कारण दोन्ही मी बघितलंय.

सुरंगीताई, तुमच्या मुलाला खरं सांगा. इंजेक्शनने कोणी मुलगी होत नाही. मी इंजेक्शनच्या आधीही होते.

नुस्तेंप्रेमी | रात्री ९.४१

आबोली, स्वागत. आज काही विनोद नाही.

भाटकार_नव्हे | रात्री ९.५०

(प्रतिसाद काढून टाकला आहे. व्यक्तिगत शेरेबाजी नको. - व्यवस्थापक)

डॉ_पागोळी | १४ ऑक्टोबर, सकाळी ११.२५

बाह्यरुग्ण विभाग आटोपला, म्हणून लिहिते. मी बालरोगतज्ज्ञ. इंजेक्शन-इंजेक्शन चाललंय, तर ते आहे काय ते सांगते.

ही औषधं नवी नाहीत आणि मुळात ट्रान्स मुलांसाठी बनलेलीही नाहीत. मुलीला आठव्या वर्षाच्या आधी किंवा मुलाला नवव्याच्या आधी वयात येण्याची लक्षणं दिसली, तर तपासण्या करून गरज असेल तिथे ही देतात. ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन ही त्यांची नावं. मेंदू अधूनमधून एक संदेश पाठवतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी कामाला लागते. हे औषध तोच संदेश सतत पाठवत राहतं. कोणी दाराची बेल सारखी वाजवत बसलं की घरातले उठायचं सोडून देतात, तसं ग्रंथीचं होतं. सात वर्षांच्या मुलीची आई माझ्यासमोर डोळे पुसत बसते, तेव्हा मी हेच बेलचं उदाहरण देते. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन. योग्य वय झालं की बंद करायचं, पुढे पाळी आपली आपण येते.

१९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हीच औषधं जेंडर डिस्फोरिया (शरीर आणि आतून वाटणारी ओळख जुळत नाही याचा त्रास) असलेल्या किशोरवयीन मुलांना द्यायला सुरुवात केली. कल्पना अशी की विचार करायला वेळ मिळावा. इथूनच "पॉज बटण" हा शब्द रूढ झाला. मला तोच खटकतो. ब्रिटनमध्ये ४४ मुलांचा एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४३ जणांनी पुढे इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन घेतलं. आता याचा अर्थ निवड अचूक झाली असाही लावता येतो, आणि पहिली पायरी चढली की दुसरी चढलीच जाते असाही. मी दुसऱ्या अर्थाकडे झुकते, पण पहिला अर्थ लावणारे डॉक्टर मूर्ख नाहीत. शिवाय ज्या वर्षांत हाडं भरतात नेमकी तीच वर्षं ही, त्यामुळे हाडांच्या घनतेची काळजी असते. अकाली वयात आलेल्या मुलीचं औषध थांबवलं की तिचं स्वतःचं यौवन सुरू होतं. इथे बहुतेकांचं ते होत नाही. औषध तेच, पण दोन्हीकडचा हिशेब एक नाही.

काणकोणकरांनी ब्रिटनचं सांगितलं ते बरोबर आहे, थोडी भर घालते. तिथल्या अशा मुलांसाठीच्या सरकारी सेवेकडे २०११-१२ मध्ये २५० हून कमी मुलं पाठवली गेली होती, २०२१-२२ मध्ये ५,००० हून जास्त. आधी जन्माने मुलगे असलेली जास्त असत, नंतर जन्माने मुली असलेली किशोरवयीन. हे का झालं यावर अजून भांडणं चालू आहेत. या सेवेचा आढावा घेणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ चा. पुरावा फार कच्चा आहे, असा त्याचा निष्कर्ष. त्याच्या महिनाभर आधीच नेहमीच्या उपचारांतून ही औषधं काढली होती, डिसेंबरात बंदी बेमुदत झाली. फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये हात आखडता घेतला. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची संघटना अजूनही या उपचारांच्या बाजूने आहे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यंदा जूनमध्ये टेनेसी राज्याची बंदी कायम ठेवली. म्हणजे डॉक्टर एकीकडे, कायदा दुसरीकडे, आणि मधल्या मध्ये पोर.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. कॅस अहवालाने ही मुलं खोटी आहेत असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यांना वेळ द्या, मानसिक आधार द्या, त्यांच्या बाकीच्या अडचणीही बघा, असं म्हटलं आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत ट्रान्स असणं मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढलंय. ती यादी २०२२ पासून लागू आहे.

तेव्हा माझं मत: मुलांच्या मालिकेत ट्रान्स पात्र खुशाल असावं. औषध नसावं. कर्करोग झालेलं मूल मालिकेत असू शकतं, त्याच्या केमोचा डोस आपण पडद्यावर सांगत नाही. ते माझ्या खोलीत, आईबापासमोर, दार लावून बोलायचं.

मास्तर_सत्तरी | सकाळी ११.५०

दाराची बेल वर्गात वापरणार. परवानगी गृहीत धरतो.

काणकोणकर | १४ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

डॉक्टर, शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही नीट मांडलंत. आबोलीबाय, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी ध्रुवबाळाचं लिहिलं तेव्हा "मूल काहीही खरं मानतं" याची भीती डोक्यात होती. तुम्ही महाराणीलाही खरं मानलंत, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तरी एक राहतंच. पात्र दाखवलं की पोर पुढचं विचारणारच, मग पुढे काय झालं? तेव्हा औषध न सांगता गोष्ट कशी पूर्ण करणार?

जाईवाली | दुपारी १.१५

ऑस्ट्रेलियाची 'फर्स्ट डे' नावाची मालिका आहे, मुलांसाठीच, २०२० ची. हॅना नावाची मुलगी माध्यमिक शाळेत जाते. प्राथमिक शाळेत तिला मुलगा म्हणून ओळखणारी एकजण तिथेही येते, आता ती सगळ्यांना सांगणार काय ही धाकधूक. भूमिका करणारी मुलगी खरोखरच ट्रान्स आहे. मी भाचीबरोबर बघितली. आम्हाला दोघींना पूर्ण वेळ एकच काळजी होती, तिला मैत्रिणी मिळतील की नाही. इंजेक्शनाची आठवणसुद्धा आली नाही. गोष्ट पूर्ण झाली, काणकोणकर.

घुमट | दुपारी १.२२

अवांतर: आमच्या वाड्यावरचा नरकासूर यंदा बावीस फूट. आणि त्याला मारायला कृष्णच का लागतो? युद्धात सत्यभामा होती ना? यंदा सत्यभामा करा म्हणून सुचवलं तर मंडळाचा अध्यक्ष म्हणतो मुखवटा पुरुषाचाच आहे.

पेडण्याचो_भाचो | दुपारी १.३०

मुखवटा तोच ठेव, साडी मी देतो. मामांची एक आहे घरात.

नुस्तेंप्रेमी | दुपारी १.३४

आता अध्यक्षांना इंजेक्शन लागेल. दिवाळीच्या पोह्यांवर वेगळा धागा काढू काय? रोसातले की ताकातले, यावर मात्र मी तडजोड करणार नाही.

सुरंगी | १६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

मंडळी, परत मूळ प्रश्नाकडे, आणि मला थोडं खजील होऊन लिहायचंय.

तीन रात्री जागून 'डेड एंड'चा पहिला सीझन स्वतः बघितला, दुसराही चाळला. भुतं आहेत, राक्षस आहेत, गाणी आहेत. बार्नी ट्रान्स आहे हे तो एकदा-दोनदा सांगतो आणि पुढे पळतो. त्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. आजी जेवणाच्या टेबलावर त्याला घालूनपाडून बोलते आणि आईबाप गप्प बसतात, म्हणून तो घर सोडून बागेत राहायला जातो. इंजेक्शन? मला तरी कुठे दिसलं नाही.

मग चिरंजीवांना विचारलं, "तू म्हणालास ते इंजेक्शनाचं कार्टूनात कधी आलं?" तो म्हणाला, "आजोबांच्या कार्टूनात."

आजोबांचं कार्टून म्हणजे फोनवर आलेला व्हिडिओ. बार्नीचं चित्र, खाली लाल अक्षरं, आणि एक माणूस हिंदीत तावातावाने ओरडतो की परदेशात मुलांना सुई टोचून मुली करतात, आता तुमच्या घरात येणार. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, आवाज कायम शेवटच्या रेघेवर. पोराने तो व्हिडिओ अभ्यास करता करता चार-पाच वेळा तरी ऐकलाय. महिनाभर मालिका बघून त्याला एकही प्रश्न पडला नव्हता. "बार्नी मुलगा, पूर्वी सगळ्यांना वाटायचं मुलगी," इतकं त्याला बहिणीने एका वाक्यात सांगितलं होतं आणि ते त्याला पुरलं होतं.

आबोलीचं आणि डॉक्टरांचं मिळून जे जमलं ते सांगितलं. की काही माणसांना लहानपणापासून आतून वाटतं आपण वेगळे आहोत, लोक समजतात ते नाही. ती सुईने तशी होत नाहीत, आधीच असतात. मोठी झाल्यावर काहीजण डॉक्टरकडे जातात, काहीजण जात नाहीत, आणि लहान मुलांना काय द्यायचं यावर मोठमोठ्या डॉक्टरांचंही अजून ठरलेलं नाही. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग मला कोण टोचणार नाही ना?" हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. पाच दिवस पोर हे पोटात घेऊन फिरत होतं, आणि मी त्याला तेंडली वाढत होते.

डॉ_पागोळी | रात्री १०.२०

कोणी टोचणार नाही. डॉक्टरने सांगितलंय म्हणून सांगा. लस सोडून.

आबोली_बार्देस | रात्री १०.४४

आजोबांना काय सांगितलंत?

सुरंगी | रात्री १०.५१

नवऱ्याने विचारलं त्यांना. म्हणाले, "मी तर कानाला लावूनच ऐकतो." खरंच कानालाच लावतात हो, पण पडवीपर्यंत ऐकू जातं. व्हिडिओ चूक की बरोबर यावर अजून बोलणं झालेलं नाही. दिवाळी होऊ दे, असं नवऱ्याचं मत. त्या जेवणाच्या टेबलावरचे आईबाप आठवले, म्हणून मी होऊ देणार नाही. उद्या बोलते.

काणकोणकर | रात्री ११.०२

बोला. आणि दिवाळीची भेट म्हणून इअरफोन घेऊन द्या. वायरवाले घ्या, दुसरे हरवतात. माझ्या वडिलांचे तीन गेले.